सहा महिने तांड्यावर, सहा महिने फडात

भालकीची सून पहिल्या बाळंतपणाला उदगीरकडच्या माहेरी जाते. उमरग्याची लेक आळंदला दिलेली असते, देगलूरचे पाव्हणे औरादच्या लग्नात असतात आणि बिदरच्या पूर्वेकडच्या गावांना बाजारासाठी जहीराबाद जवळ पडते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य तीन राज्यांत वाटले गेले. जुन्या बिदर जिल्ह्यातले बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे तालुके म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले आणि पुढे महाराष्ट्रात राहिले. नकाशावर रेघ ओढली गेली, पण रोटी-बेटी व्यवहार होता तसाच चालू राहिला. आज या भागातल्या तरुण आईबापांसाठी सरकारी मदतीच्या डझनभर योजना आहेत आणि त्यांतली जवळपास प्रत्येक योजना त्या रेघेच्या या किंवा त्या बाजूला थांबते. या विषयाची ओळख करून द्यायची तर सुरुवात इथूनच करावी लागते.

कर्नाटकाने 2 ऑक्टोबर 2017 पासून ‘मातृपूर्ण’ योजना राज्यभर सुरू केली. गरोदर आणि स्तनदा मातेने दुपारी गावच्या अंगणवाडीत यायचे आणि तिथे बसून जेवायचे. ताटात भात, सांबार, भाजी, उकडलेले अंडे आणि दूध असते, सोबत शेंगदाण्याची चिक्की. जेवण झाले की लोहाची गोळी सेविकेच्या समोर घ्यायची. महिन्यातले 25 दिवस हे चालते. यामागचा विचार पक्का आहे. कोरडा शिधा घरी नेला की तो सासू-सासरे, दीर, मुले सगळ्यांच्या पातेल्यात पडतो आणि जिच्यासाठी आणला तिच्या वाट्याला सगळ्यांत शेवटी येतो. इथे मात्र ताट तिचे आणि घासही तिचाच. योजनेची अडचणही त्याच ताटात आहे. वाडीवरून, शेतातल्या आखाड्यावरून किंवा लांबच्या तांड्यावरून दुपारच्या उन्हात पोट सांभाळत यायचे, जेवून पुन्हा कामावर जायचे, हे रोज जमत नाही. तुरीची काढणी सुरू झाली की जेवणासाठी रोज बुडवायलाही परवडत नाही.

सातव्या महिन्यात ओटी भरली की भालकीची ती सून माहेरी जाते. पहिल्या खेपेला तर हमखास. सीमेवरच्या शेकडो घरांत याचा अर्थ राज्य बदलणे असा होतो. भालकी तालुक्यात तिला गरम जेवण आणि अंडे मिळत होते. उदगीर तालुक्यातल्या माहेरी शिजवलेले ताट नाही, घरी न्यायचा शिधा आहे. गरोदर मातांना एक वेळचे चौरस जेवण देणारी महाराष्ट्राची अमृत आहार योजना आदिवासी भागांपुरती आहे. लातूर जिल्हा तिच्यात येत नाही. म्हणजे आहाराची सगळ्यांत जास्त गरज असलेल्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळ अंगावर पीत असतानाच्या पहिल्या तीन महिन्यांत या बाईचे ताट बदलते. सासरच्या अंगणवाडीच्या वहीत ती गैरहजर असते आणि माहेरच्या वहीत पाहुणी.

तिच्या हातात कर्नाटकाचे ‘तायी कार्ड’ असते. तपासण्या, रक्ताचे प्रमाण, धनुर्वाताची सुई, वजन असा सगळा हिशेब त्यावर कन्नडमध्ये लिहिलेला. उदगीरच्या किंवा लातूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरला आकडे कळतात, पण शेरे कळत नाहीत. मग तपासण्या पुन्हा होतात आणि महाराष्ट्राचे नवे कार्ड निघते. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे पैसे पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये. त्यातले 3,000 गरोदरपणाची नोंदणी आणि तपासणी झाल्यावर मिळतात. उरलेले 2,000 बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या साडेतीन महिन्यांच्या लसी पूर्ण झाल्यावर. नोंदणी सासरी, जन्म माहेरी, लसी अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे. योजना केंद्राची आहे, त्यामुळे नियमात आडकाठी नाही. पण कागद दोन राज्यांच्या दोन खात्यांत पडलेले असतात आणि ते एकत्र आणायचे काम बाळंतिणीच्या नवऱ्यावर किंवा भावावर येते. रोजंदारीवरचा माणूस 2,000 रुपयांसाठी किती दिवसांची मजुरी बुडवणार?

याच बाळंतपणाची किंमत वेगवेगळ्या राज्यांनी वेगवेगळी धरली आहे. अन्नसुरक्षा कायद्याने 2013 मध्ये प्रत्येक मातेला किमान 6,000 रुपयांचा हक्क दिला, तरी केंद्राची योजना पहिल्या बाळाला 5,000 वर थांबली. दुसरे बाळ मुलगी असेल तर 6,000 देण्याची तरतूद 2022 पासून आली. तेलंगणाने 2017 मध्ये बाळंतिणीच्या किटसोबत 12,000 आणि मुलगी झाल्यास 13,000 रुपये देण्याची योजना सुरू केली होती. तमिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची योजना आहाराच्या किटसह 18,000 रुपयांची आहे. बिदरच्या बाईला जहीराबादकडचा, म्हणजे तेलंगणाचा, आकडा ठाऊक असतो, कारण तिची मावसबहीण तिकडे दिलेली असते. शेजारच्या राज्याशी तुलना करायला तिला कुठल्या अहवालाची गरज लागत नाही.

माहेरचा प्रवास आनंदाचा, निदान ओळखीच्या घरी नेणारा. दुसरा प्रवास पोटासाठीचा.

बिदर-कलबुर्गी जिल्ह्यांतल्या औराद, बसवकल्याण, आळंद, चिंचोळी या तालुक्यांतल्या तांड्यांवरून आणि कोरडवाहू गावांतून माणसे बाहेर पडतात. कलबुर्गी हा तुरीचा जिल्हा. पावसावरची तूर निघाली की शेतात काम उरत नाही. मग काही जण मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर जातात, काही हैदराबादकडे, काही बेंगळुरूला. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. मराठवाड्यातून, विशेषतः बीडकडून, टोळ्या कर्नाटकातल्या कारखान्यांवरही येतात. म्हणजे एकाच हंगामात या जिल्ह्यांतून आया बाहेर जातात आणि दुसऱ्या आया इथे येतात. जाणाऱ्या आणि येणाऱ्या, दोघींच्याही कडेवर मूल असते.

ऊसतोडीत मजूर एकटा मोजला जात नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळी जमवणारा मुकादम आगाऊ उचल देतो ती कोयत्याला. पहाटे अंधारात फडावर जायचे, नवऱ्याने तोडायचे, बायकोने पाचट सोलून मोळ्या बांधायच्या, मग त्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या. तान्हे बाळ बैलगाडीच्या खाली बांधलेल्या झोळीत असते. झोळीला दोरी बांधलेली असते आणि ती ओढायला सहा-सात वर्षांची थोरली बहीण बसलेली असते. त्या बहिणीची शाळा गावाकडे राहिलेली असते. बाळ रडले तर आई मोळी टाकून येते, पाजते आणि पुन्हा फडात शिरते. रात्री गाडी कारखान्यावर रिकामी व्हायला किती वेळ लागेल ते रांगेवर ठरते. झोपडीवजा कोपीत चूल पेटेपर्यंत मुले तशीच झोपलेली असतात.

या मुलांसाठी कुणी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशभरातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. म्हैसूर जिल्ह्यातले टी. नरसीपूर आणि महाराष्ट्रातली धारणी व धारावी ही त्या पहिल्या यादीतली नावे. आज प्रत्येक गावात अंगणवाडी दिसते तिचे मूळ तिथे आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2006 मध्ये सांगितले की वस्तीत सहा वर्षांखालची 40 मुले असतील आणि लोकांनी मागणी केली, तर तिथे अंगणवाडी द्यावीच लागेल. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला रोज 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने, गरोदर मातेला 600 उष्मांक असा आहाराचा हिशेब ठरला होता. खर्चाचा दर 2017 मध्ये मुलामागे दिवसाला 8 रुपये आणि मातेमागे साडेनऊ रुपये ठरला. आठ रुपयांत काय शिजते हे घर चालवणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. कर्नाटकाने स्वतःच्या खिशातून यात भर घातली. ऑगस्ट 2013 पासून ‘क्षीरभाग्य’ योजनेत दूध आले. डिसेंबर 2021 मध्ये बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर अशा सात जिल्ह्यांतल्या शाळांत अंडी सुरू झाली, कारण रक्तक्षय आणि कुपोषण इथेच सर्वांत जास्त होते. मठाधीशांनी विरोध केला, वाद पेटला, तरी मुलांनी अंडी आवडीने खाल्ली आणि पुढे ती राज्यभर गेली. या जिल्ह्यांत सुरू झालेली गोष्ट बेंगळुरूपर्यंत पोहोचल्याची उदाहरणे थोडी आहेत, म्हणून ही लक्षात ठेवावी अशी.

तांड्यांचीही एक गोष्ट इथे सांगायला हवी. पिढ्यान्‌पिढ्या वसलेले लमाणी तांडे महसुली नोंदीत गाव नव्हते, कुठल्या तरी मोठ्या गावाची शेपूट होते. गाव नाही म्हणजे घराचा उतारा नाही, उतारा नाही म्हणजे पत्त्याचा पुरावा नाही. 19 जानेवारी 2023 रोजी कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेड इथे पंतप्रधानांच्या हस्ते 50,000 हून अधिक बंजारा कुटुंबांना हक्कपत्रे वाटली गेली आणि पाच जिल्ह्यांतल्या शेकडो वस्त्यांना महसुली गावाचा दर्जा मिळाला. हे मोठे काम झाले. मात्र ज्या पत्त्यासाठी एवढी वाट पाहिली, त्या पत्त्यावर हे कुटुंब वर्षातले पाच-सहा महिने नसते.

इथे या विषयाचे मर्म येते. सरकारची मदत तीन रूपांत मिळते: पैसा, धान्य आणि सांभाळ. यांतला पैसा सहज प्रवास करतो. ‘गृहलक्ष्मी’चे महिन्याचे 2,000 रुपये ऑगस्ट 2023 पासून घरच्या कर्त्या बाईच्या खात्यावर येतात. ती चिंचोळीत असो की चाकणच्या बांधकामावर, पैसे निघतात. धान्य अर्धे प्रवास करते. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत जानेवारी 2020 पासून कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत, त्यामुळे अन्नसुरक्षा कायद्याचे धान्य पुण्यातल्या दुकानातही अंगठा लावून घेता येते. निम्मे आजीने गावी आणि निम्मे मुलाने शहरात, असेही जमते. कर्नाटकाच्या ‘अन्नभाग्य’चा वाढीव शिधा मात्र राज्याबाहेर मिळत नाही. ‘शक्ती’ योजनेतला बायकांचा मोफत एसटी प्रवासही राज्यापुरताच. आणि तिसरी गोष्ट, सांभाळ, ती तर गावाबाहेरच पडत नाही. अंगणवाडी हलत नाही, सेविका हलत नाही, गरम ताट हलत नाही. दोन वर्षांच्या मुलाला खात्यावरचे पैसे खाता येत नाहीत. आई फडात असताना त्याला भरवणारे, झोपवणारे, ताप आला तर ओळखणारे माणूस लागते.

अंगणवाडीचा भर तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर आहे. त्याआधीच्या मुलांना शिधा मिळतो, दिवसभराचा सांभाळ मिळत नाही. शिक्षणाकडे गेलेली मदतही शाळेच्या वयापासूनच सुरू झाली. महाराष्ट्रात साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे आली, कर्नाटकात तंबूशाळा निघाल्या. झोळीतले बाळ या सगळ्यांतून सुटले.

असा सांभाळ अशक्य आहे का? दिल्लीत 1969 मध्ये मीरा महादेवन यांनी गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना मजूर बायकांची मुले मातीत पडलेली पाहिली आणि तिथेच एका तंबूत पाळणाघर उघडले. त्यातून उभी राहिलेली ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था 1972 मध्ये मुंबईत आणि 1981 मध्ये पुण्यात आली. बांधकाम संपले की पाळणाघर पुढच्या बांधकामावर जायचे. 1996 च्या बांधकाम मजूर कायद्यात 50 हून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. ठेकेदार हा आकडा कागदावर कधी गाठू देत नाही ही गोष्ट वेगळी. बांधकाम मजूर मंडळाकडे उपकराचा पैसा आहे आणि कर्नाटकाचे मंडळ नोंदणी झालेल्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 50,000 रुपये देते. पण आळंदची बाई मजुरी करते पुण्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या मंडळाच्या हद्दीत. तिथे नोंदणीला 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो देणारा ठेकेदार विरळा.

कर्नाटकाने 2023-24 च्या अर्थसंकल्पात ‘कूसिना मने’ जाहीर केली. रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांच्या बाळांसाठी 4,000 ग्रामपंचायतींत पाळणाघरे. सांभाळणाऱ्याही रोजगार हमीतल्याच बायका, त्यांना प्रशिक्षण देऊन नेमलेल्या. या जिल्ह्यांसाठी ही योजना सर्वांत मोलाची ठरू शकते. गावात काम असेल आणि बाळ ठेवायला जागा असेल तर तरुण जोडप्याला बाहेर पडण्याचे निम्मे कारण उरत नाही. पाळणाघर पोषणाची योजना म्हणून मोजले जाते. बिदर-कलबुर्गीत ते स्थलांतर थोपवण्याची योजना म्हणूनही मोजायला हवे. या भागासाठी असलेल्या कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळासाठी त्याच अर्थसंकल्पात 5,000 कोटींची तरतूद होती. त्यातून रस्ते आणि इमारती होतात, तसे दर मोठ्या तांड्याला एक पाळणाघर का होऊ नये?

सर्वांत कोवळ्या आयांचा प्रश्न मात्र कुठल्याच योजनेत बसलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2019-20 च्या सुमाराला कर्नाटकात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.3 टक्के जणींचे लग्न अठरा वर्षांआधी झालेले होते. ऊसतोडीच्या पट्ट्यात याचे एक कारण उघड आहे: लग्न झाले की नवा कोयता तयार होतो आणि नव्या कोयत्याला उचल मिळते. मुलीला एकटी गावी ठेवायची भीती हे दुसरे. कर्नाटकाने कायदा कडक केला, 2016 च्या दुरुस्तीने बालविवाह मुळातूनच रद्द ठरवला. हे योग्यच. पण सतरा वर्षांची मुलगी गरोदर असेल तर मातृ वंदना तिच्यासाठी नाही आणि सरकारी दवाखान्यात नोंद झाली की मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरोधातल्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. नवऱ्याला अटक होईल या भीतीने ती दवाखान्याचे तोंड बघत नाही. ज्या आईला आणि ज्या बाळाला सर्वांत जास्त जपायचे, तेच लपून राहतात. शिक्षा लग्न लावणाऱ्यांना व्हावी. मुलीला मिळणारे दूध, अंडे आणि तपासणी त्या शिक्षेत अडकू नये. हा फरक खालच्या पातळीवरच्या कर्मचाऱ्यांना करता येईल असा लेखी आदेश निघणे गरजेचे आहे.

सीमाभाग म्हटला की राजकारण येते, आणि या विषयातही ते आले. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पेटला तेव्हा महाराष्ट्रातल्या अक्कलकोट तालुक्यातल्या काही गावांनी पाणी-रस्त्यांसाठी कर्नाटकात जाऊ असे सुनावले. 2023 मध्ये महाराष्ट्राने बिदर-कलबुर्गीसह चार जिल्ह्यांतल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली आणि कर्नाटकाने त्यावर आक्षेप घेतला. वाद सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून आहे, तो तिथे राहू द्यावा. बाळंतिणीच्या बाजूने पाहिले तर एवढे दिसते की एक राज्य दुसऱ्या राज्यातल्या रहिवाशाचा दवाखान्याचा खर्च उचलू शकते. त्यासाठी यंत्रणा उभी करता येते, पैसा ठेवता येतो. मग हेच दोन्ही बाजूंनी, ठरवून आणि भांडण न करता, गरोदर बाईच्या ताटासाठी का करू नये? भाषेचाही एक साधा नियम जुना आहे: तालुक्यात 15 टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्यायच्या. औराद, भालकी, बसवकल्याण इथे मराठीचे प्रमाण त्याहून अधिक आहे. तायी कार्डाच्या मागच्या पानावर मराठी मजकूर छापला तर कर्नाटकाचे काहीच कमी होत नाही, आणि लातूरच्या सिस्टरला शेरे वाचता येतात.

संगणकाने बरेच सोपे होईल अशी आशा आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. 2021 पासूनच्या ‘पोषण ट्रॅकर’मध्ये एका अंगणवाडीतले नाव दुसरीकडे हलवता येते. महाराष्ट्राने 2022 मध्ये स्थलांतरित माता-बालकांच्या नोंदीसाठी वेगळी प्रणाली आणली. अडचण अशी की नाव हलवायला आधी कुणीतरी सांगावे लागते की हे कुटुंब निघाले, आणि पलीकडे कुणीतरी ओळखावे लागते की ते पोहोचले. जुलै 2025 पासून घरी न्यायच्या शिध्यासाठी चेहरा जुळवणेही आले. आई सांगलीच्या फडात आणि शिधा चिंचोळीच्या अंगणवाडीत, तर चेहरा जुळणार कसा?

कोण निघाले, कुठे गेले आणि सोबत किती मुले आहेत, हे माहीत असलेला माणूस प्रत्येक तांड्यावर असतो. तो मुकादम. त्याच्या वहीत दसऱ्याच्या आधीच कोयत्यांची नावे, उचलीची रक्कम आणि कारखान्याचे नाव लिहिलेले असते. कारखान्याच्या शेतकी खात्याला तर टोळी आज कोणत्या गावाच्या कोणत्या गटात तोडते आहे हे रोज ठाऊक असते, त्याशिवाय गाळपच चालत नाही. ऊसतोड मजुरांसाठी महाराष्ट्राने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ काढले, त्याला कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनाला 10 रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे असे ठरले. हा निधी महाराष्ट्रातल्या गाळपावरचा आहे. बिदरच्या कारखान्याला ऊस तोडणारी बीडची बाई त्या टनांत मोजली जात नाही, आणि बिदरचा कारखाना तिच्या बाळासाठी कुणालाच काही देणे लागत नाही. बिदर-कलबुर्गी आणि लातूर-धाराशिव-नांदेड-सोलापूर या जिल्ह्यांच्या प्रशासनांनी दरवर्षी सप्टेंबरमध्ये कारखान्यांकडून या टोळ्यांच्या याद्या मागवाव्यात, सहा वर्षांखालच्या मुलांचा आणि गरोदर बायकांचा रकाना त्यात घालावा आणि हंगामापुरती एक सेविका आणि एक मदतनीस टोळीच्या तळावर नेमावी. एवढ्याने पहिल्या वर्षी किती मुले नव्याने वहीत येतात ते दिसेल.